प्रभातची तुतारी : एका बोधचिन्हाचा इतिहास

प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांची सुरुवात तुतारीने होते. पडद्यावर एक स्त्री दिसते. ती कमरेतून मागे झुकलेली आहे. दोन्ही हातांनी पेललेली वळणदार तुतारी तिने ओठांना लावून वर आकाशाकडे उचलली आहे. मागे पहाटेचा उजेड आहे. तुतारीची छोटी धून वाजते, कंपनीचे नाव झळकते आणि श्रेयनामावली सुरू होते. सगळा प्रकार काही सेकंदांचा असतो, पण मराठी चित्रपटाच्या इतिहासात इतक्या थोड्या वेळात इतके काम करणारे दुसरे दृश्य दाखवणे कठीण आहे. कंपनी बंद पडून सत्तर वर्षे उलटली, तिचे बरेचसे चित्रपट आज कोणी पाहत नाही, तरी तुतारी म्हटले की प्रभात आठवते.

चित्रपटाच्या आरंभी कंपनीचे चिन्ह दाखवण्याची पद्धत चित्रपटाच्या व्यवसायाइतकीच जुनी आहे आणि ती निघाली चोरीच्या भीतीतून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका कंपनीची फिल्म विकत घ्यायची, तिच्यावरून नक्कल काढायची आणि आपले नाव लावून विकायची, हा धंदा युरोप-अमेरिकेत सर्रास चाले. तो रोखण्यासाठी फ्रान्समधल्या पाथे कंपनीने आपला कोंबडा नुसता सुरुवातीच्या पाटीवर न ठेवता दृश्यांमधल्या भिंतींवरही टांगला, म्हणजे कापणाऱ्याला तो कापता येऊ नये. जॉर्ज मेलिएसच्या चित्रपटांत तारा असे, गोमाँच्या पाटीवर डेझीचे फूल असे. चोरी आवरण्याचे कायदे आणि वितरणाची व्यवस्था जसजशी बसत गेली तसतसे भिंतीवरचे चिन्ह मागे पडले आणि सुरुवातीचे राहिले. आता त्याचे काम बदलले होते. माल कोणाचा हे न्यायालयाला सांगण्यापेक्षा तो कसा आहे हे प्रेक्षकाला सांगणे महत्त्वाचे झाले. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा सिंह आणि युनिव्हर्सलची पृथ्वी ही चिन्हे त्या दुसऱ्या टप्प्यातली.

लहान देशांतल्या कंपन्यांनी या चिन्हांत आपला इतिहास भरला. हंगेरीतली कॉर्विन ही मूकपटांच्या काळातली नावाजलेली कंपनी. तिचे नाव मात्याश कॉर्विनस या राजाच्या घराण्यावरून आले आणि त्या घराण्याच्या ढालीवर डोमकावळा होता. ही कंपनी पुढे अलेक्झांडर कोर्डा या दिग्दर्शकाच्या हाती आली. कोर्डाने नंतर इंग्लंडला जाऊन लंडन फिल्म्स काढली, तेव्हा तिच्या चित्रपटांच्या आरंभी बिग बेनचे घड्याळ आले. ज्या देशात धंदा करायचा त्या देशाची सर्वांत ओळखीची वस्तू उचलायची, हा परक्या माणसाचा हिशेब त्यात दिसतो. प्रभातच्या पाच भागीदारांना असा हिशेब करायची गरज नव्हती. तुतारी त्यांच्या गावातलीच होती.

प्रभातची मुळे कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आहेत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला तेव्हा बाबूराव आणि त्यांचे मावसभाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवण्यात गुंतले होते. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेणे परवडणारे नव्हते. तो घरीच बनवायचा खटाटोप सुरू झाला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने काम पुरे केले, आणि त्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ चित्रित होऊन १९२० मध्ये प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर. या घरात दिग्दर्शक हा आधी चित्रकार असे. कॅमेरा, रंग, मुखवटे, सेट, भिंतीवर लावायची भित्तिपत्रके, सगळे एकाच छपराखाली आणि बहुधा त्याच त्याच हातांनी होई. दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर ही मंडळी या तालमीत तयार झाली.

हलणारे चित्र हाताने घडवण्याची कलाही तोवर महाराष्ट्रात परिचयाची झाली होती. फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेऊन टिपली होती आणि १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या फिल्ममध्ये निर्जीव काड्यांना नाचवले होते. काडी थोडी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची, अशी ही चिकाटीची कामगिरी होती. पुढे १९३४ मध्ये प्रभातनेही ‘जंबू काका’ हे व्यंगचित्रपटाचे छोटे प्रकरण करून पाहिले. म्हणजे चित्र, छाया आणि हालचाल यांची सांगड घालणारे कारागीर या मंडळींच्या आसपास होते. कंपनीचे चिन्ह घडवायला बाहेरचा कोणी शोधावा लागत नव्हता.

दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर १९२९ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले. पैशाची बाजू सीताराम कुलकर्णी या सराफी व्यवसायातल्या गृहस्थांनी उचलली. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. पाच भागीदारांपैकी कलाविभागाची सूत्रे फत्तेलाल यांच्याकडे होती. कंपनीत त्यांना साहेबमामा म्हणत. दामले यंत्रांचे जाणकार, धायबर छायालेखक, शांताराम दिग्दर्शक. काम इतके स्वच्छ वाटलेले होते की पुढच्या दहा वर्षांत कंपनीला फारसे बाहेर बघावे लागले नाही. पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’ त्याच वर्षी आला. त्यापाठोपाठ ‘खुनी खंजीर’, ‘राणीसाहेबा’, ‘उदयकाल’, ‘चंद्रसेना’ आणि ‘जुलूम’ आले.

यांतल्या ‘उदयकाल’ची हकीकत कंपनीच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकते. शिवाजी महाराजांवरच्या या चित्रपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. १९३० साल हे मिठाच्या सत्याग्रहाचे. मुंबईच्या सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द पाटीवर चालेना. नाव बदलून ‘उदयकाल’ केले गेले. शिवाजी महाराजांची भूमिका शांताराम यांनी स्वतः केली होती. ज्या कंपनीचे नाव प्रभात, तिने कापलेल्या शब्दाच्या जागी उदयाचाच शब्द बसवावा, यात योगायोगापेक्षा हट्ट अधिक दिसतो. पहाट, उदय आणि तुतारी हे त्या काळातल्या सुशिक्षित मराठी माणसाला एकाच माळेतले मणी वाटत. केशवसुतांची ‘तुतारी’ ही कविता १८९३ सालची. तेव्हापासून तुतारी हे नव्या विचाराच्या हाकेचे चिन्ह बनले होते. तेच वाद्य खेड्यापाड्यांत पालखीपुढे, लग्नात आणि सरदारांच्या स्वागताला वाजे. साक्षर-निरक्षर दोघांनाही एकदम कळेल आणि तरी सरकारला हरकत घेता येणार नाही असे चिन्ह निवडायचे, तर यापेक्षा चांगले सापडले नसते.

चिन्हातली खरी धिटाई मात्र तुतारीपेक्षा ती वाजवणाऱ्या स्त्रीत आहे. तुतारी हे पुरुषांनी वाजवायचे वाद्य. ती फुंकायला छाती लागते आणि वाजवणारे बहुधा ठरलेल्या घराण्यांतले असत. १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली होती. त्यानंतर वीस वर्षे उलटण्याच्या आत एक मराठी कंपनी आपल्या प्रत्येक चित्रपटाच्या माथ्यावर स्त्रीला उभी करते, तिच्या हाती लढाईचे वाद्य देते आणि ती लाजत-मुरडत नाही, हे त्या काळाच्या मानाने मोठेच पाऊल होते. १९३२ मध्ये दुर्गा खोटे ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या. १९३७ च्या ‘कुंकू’तील शांता आपटे यांची नीरा जरठ विवाहाला उघड विरोध करते. या दोघींची चाहूल तुतारीवालीच्या ताठ मानेत आधीच लागते, असे म्हटले तर ते फार ओढूनताणून होणार नाही.

आकृतीची बांधणीही चित्रकाराची आहे. त्या काळची चौकट जवळपास चौकोनी होती, रुंदी उंचीच्या सव्वापटीहून थोडी जास्त. अशा चौकटीत उभी व्यक्ती घेतली की दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहते. मागे झुकलेले शरीर आणि वर चढलेली तुतारी मिळून एक लांब वळण तयार होते, आणि ते वळण चौकट तिरकी भरून टाकते. बाजूने दिसणारी बाह्यरेखा एवढी पुरेशी आहे की चेहरा कोणाचा हा प्रश्न पाहणाऱ्याला पडत नाही. उजेड मागून असल्यामुळे साडीचे, दागिन्यांचे तपशील गौण होतात. म्हणूनच हे चित्र पडद्यावर जसे ओळखू येई तसेच जाहिरातीच्या कागदावर एका रंगात छापले तरी ओळखू येई. चांगल्या शिक्क्याचा हा गुण. पुष्कळ कंपन्यांच्या नक्षीदार पाट्यांत तो नसे.

तुतारी हे चिन्ह आवाजाचे असल्यामुळे ते पूर्ण झाले बोलपटात. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत झळकला आणि मूकपटांचा बाजार बघता बघता उठला. प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झाला. मराठीबरोबर त्याची हिंदी आवृत्तीही काढण्यात आली. संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. ध्वनिमुद्रणाची बाजू दामले यांनी आत्मसात केली.

बोलपटाने चिन्हाच्या तंत्रातही बदल केले. मूकपटाची फिल्म सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या आसपास चाले आणि प्रक्षेपक चालवणारा हाताने वेग कमी-जास्त करी. बोलपटाला सेकंदाला चोवीस चौकटींचा एकच वेग लागतो, नाही तर आवाज बिघडतो. जुन्या वेगाने घेतलेली हालचाल चोवीसवर चालवली की माणसे दुडदुडत पळू लागतात. शिवाय ध्वनीची पट्टी फिल्मच्या एका कडेला येते आणि चित्राची जागा तेवढी अरुंद होते. म्हणजे मूकपटाची पाटी उचलून बोलपटाला जोडता येत नसे, ती नव्याने चित्रित करावी लागे. बोलपटात धून आणि आकृती एकमेकींना जुळवायच्या असत. ओठांना तुतारी लागण्याआधी सूर आला तर सगळा डौल गेला. खऱ्या तुतारीला भोके किंवा कळा नसतात. फुंक आणि ओठांचा ताण यांवर मोजकेच स्वर निघतात. त्यामुळे तुतारीचा बोल लहान आणि ठसठशीतच असावा लागतो, आणि पाटीलाही नेमके तेवढेच हवे असते.

एकदा घडवलेला हा तुकडा चित्रपटागणिक नव्याने चित्रित होत नसे. मूळ निगेटिव्हवरून नक्कल काढायची आणि नव्या चित्रपटाच्या पहिल्या रिळाच्या तोंडाला जोडायची, अशी रीत सगळ्याच कंपन्यांत असे. नक्कलेवरून नक्कल काढत गेले की काळा-पांढरा भेद भडक होतो, बारकावे बुजतात. तुतारीवालीची छायाकृती या दृष्टीनेही सोयीची होती, कारण बुजण्यासारखे बारकावे तिच्यात मुळातच कमी होते. शिवाय पहिल्या रिळाचे तोंड हा फिल्मचा सर्वांत जास्त झिजणारा भाग. दर खेळाला ते यंत्राच्या दातांत अडकवायचे, ओढायचे, तुटले की कापून पुन्हा चिकटवायचे. जुन्या प्रती पाहताना सुरुवातीलाच ओरखड्यांचा पाऊस दिसतो आणि तुतारी कधी अर्ध्यातच सुरू होते, त्याचे कारण हे.

कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्याला आली. एरंडवण्यात तिने प्रशस्त स्टुडिओ बांधला. तिथला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ १९३४ मध्ये आला. त्याआधी प्रभातचा स्वतःचा ‘सैरंध्री’, बाबूरावांच्या मूकपटाहून वेगळा, रंगीत करण्याचा प्रयत्न झाला होता. त्यावरची प्रक्रिया जर्मनीत करून घेतली गेली, पण रंग साधले नाहीत. त्या अपयशातून शिकून परतलेल्या शांताराम यांनी ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन यांच्या डोळ्याचा पडदाभर जवळून घेतलेला भाग दाखवला आणि तो गाजला. पुढची सहा-सात वर्षे हा कंपनीचा भराचा काळ होता. ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे शांताराम यांचे चित्रपट, तर ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ हे दामले-फत्तेलाल जोडीचे. या सगळ्यांचा विषय, सूर आणि दिग्दर्शक वेगळे होते. त्यांना एका घराचे ठरवणारी गोष्ट सुरुवातीची तुतारी होती. ती वाजली की सेट खरेखुरे दिसणार, आवाज स्वच्छ ऐकू येणार, पोशाखात गबाळेपणा नसणार, अशी प्रेक्षकाची खात्री असे. आज एखाद्या मालाच्या छापाविषयी असते तसली ही खात्री होती, आणि ती कंपनीने जाहिरातीपेक्षा कामाने मिळवली होती.

‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये प्रदर्शित झाला. विष्णुपंत पागनीस तुकाराम, गौरी त्यांची कजाग पण मायाळू आवली. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच महोत्सवात ‘एलिफंट बॉय’ या चित्रपटासाठी रॉबर्ट फ्लाहर्टी आणि अलेक्झांडर कोर्डाचा भाऊ झोल्टान यांना दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. तो चित्रपट म्हैसूरच्या जंगलात चित्रित झालेला, कंपनी लंडन फिल्म्स. भारतातला हत्ती बिग बेनच्या पाटीखाली आणि भारतातला संत तुतारीच्या पाटीखाली, असे दोन्ही त्या साली व्हेनिसला पोचले. आज ‘एलिफंट बॉय’ आठवतो तो मुख्यतः साबू या म्हैसूरच्या मुलामुळे. ‘संत तुकाराम’ मात्र चित्रपट म्हणून पुन्हा पुन्हा पाहिला जातो.

प्रभातचे चित्रपट मराठी मुलखात फिरत, तेव्हा तो मुलूख एका राज्यात नव्हता, ही गोष्ट आज सहज विसरली जाते. कंपनी जन्मली कोल्हापूर संस्थानात, वाढली ब्रिटिश अंमलाखालच्या पुण्यात. नांदेड, लातूर, भोकर हा सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. भोकर तर तेलुगू मुलखाच्या वेशीवरचे गाव. तेलुगू मुलखातले भैंसा तिथून जवळ. बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू आणि बंजारा तांड्यांवरची गोरमाटी या चारही बोली कानावर पडत. अशा ठिकाणी देवनागरीतली पाटी किती जणांना वाचता येणार? साक्षरताच फार कमी होती. प्रभात आपले बहुतेक महत्त्वाचे चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढी. ‘कुंकू’ची ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ची ‘आदमी’, ‘शेजारी’ची ‘पडोसी’. नावे बदलत, भाषा बदले, कधी नटही बदलत. तुतारी दोन्हीकडे तीच. मराठी-हिंदीच्या सीमेवर कंपनीची ओळख टिकवण्याचे काम या चिन्हाने केले, आणि हैदराबाद संस्थानासारख्या बहुभाषी मुलखात त्याची किंमत पुण्या-मुंबईहून जास्त होती.

तालुक्याच्या गावांत त्या काळी आणि नंतरही बरीच वर्षे सिनेमा तंबूतून येई. सुगी संपली की फिरत्या टॉकीजचा मुक्काम पडे. जत्रा किंवा आठवडी बाजाराचा हिशेब पाहून जागा ठरे. दिवसभर बैलगाडीवरून किंवा टांग्यातून पत्रके वाटली जात. अंधार पडला की भोंग्यावर रेकॉर्डी लागत आणि त्या ऐकून आसपासच्या वाड्यांवरून माणसे निघत. तंबूत खाली मातीवर किंवा सतरंजीवर बसायचे, मागे चार खुर्च्या, बायकांची बाजू वेगळी. वीज नसे. जनरेटर धडधडत असे. बहुधा एकच प्रक्षेपक असल्याने दर रीळ संपले की उजेड करून दुसरे चढवावे लागे. मोठ्या शहरांत वर्ष-दोन वर्षे चाललेल्या प्रती इथे पोचत तेव्हा त्यांची पहिली रिळे चांगलीच झिजलेली असत. अशा गर्दीत, अशा आवाजात श्रेयनामावली कोण वाचणार? पण तुतारी कानावर पडली की गप्पा थांबत, लेकरांना मांडीवर घेतले जाई आणि नजरा पडद्याकडे लागत. नाटकातल्या नांदीचे आणि तमाशातल्या गणाचे काम ती करी.

प्रभातच्या भरभराटीच्या काळात इतर कंपन्यांनीही आपापली चिन्हे ठसवली. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा हत्ती, मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचे जहाज आणि सोहराब मोदींच्या मिनर्व्हाचा सिंह प्रेक्षकांच्या ओळखीचे होते. वाडिया घराणे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधणारे, त्यामुळे तिथे जहाज येणे साहजिक. मेहबूब प्रॉडक्शन्सने कोयता-हातोडा घेतला आणि त्यावर नशिबाला शरण जाणारा उर्दू शेर बोलवला, तो विरोधाभास आजही गमतीचा वाटतो. राज कपूर यांनी ‘बरसात’मधली नायक-नायिकेची मुद्रा आपल्या आर. के. फिल्म्सचे चिन्ह बनवली. मराठी प्रेक्षकांपुढे प्रभातनंतर सर्वांत ठळक राहिले ते राजकमल कलामंदिरचे कमळ. तेही प्रभातच्याच घरातून फुटलेल्या फांदीचे.

ती फांदी फुटली १९४२ मध्ये. धायबर आधीच बाहेर पडले होते. मतभेद वाढून शांताराम यांनीही प्रभात सोडली आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर सुरू केले. नाव त्यांनी वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून घेतले. पहिला चित्रपट ‘शकुंतला’ १९४३ मध्ये आला. राजकमलच्या पाटीत फुले, कमळ आणि नाजूक स्त्री आहे. प्रभातची स्त्री हाक देते, राजकमलची पूजा बांधते. एकाच दिग्दर्शकाच्या आयुष्यातल्या दोन पाट्यांमधला हा फरक त्याच्या चित्रपटांतही पुढे उतरला, असे म्हणायला जागा आहे. ‘माणूस’ची काळोखी गल्ली आणि ‘झनक झनक पायल बाजे’ची रंगीत आरास यांत अंतर बरेच आहे.

पुण्यात प्रभातने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’सारखा दमदार चित्रपट दिला. पण ५ जुलै १९४५ रोजी विष्णुपंत दामले गेले आणि कंपनीचा कणाच मोडला. १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पडद्यावर आले. गुरुदत्त त्याच काळात प्रभातमध्ये उमेदवारी करत होते. नव्या माणसांची पारख अजून शाबूत होती, पैशाचे गणित मात्र बसत नव्हते. युद्धानंतर मोठ्या पगारी नटांचा आणि तात्पुरते भांडवल घालणाऱ्या निर्मात्यांचा जमाना आला. महिन्याच्या पगारावर शेकडो माणसे बाळगणारा स्टुडिओ त्यात टिकेना. भारतातल्या सगळ्याच जुन्या स्टुडिओंवर ही पाळी आली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रभात बंद पडली आणि तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून सुटला होता, पण तो पुण्या-कोल्हापुरासह एका राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. कोल्हापूर, पुणे आणि भोकर एका राज्याच्या नकाशावर येण्याआधीच त्यांना एका पडद्यापुढे बसवणारी कंपनी संपली होती.

एरंडवण्यातल्या त्याच जागेत केंद्र सरकारने १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. प्रभातच्या चित्रपटांचे हक्क आणि निगेटिव्ह विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव दामले यांनी पुन्हा मिळवून जपले. बापू वाटवे यांनी ‘एक होती प्रभातनगरी’ हे पुस्तक लिहून कंपनीतल्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात प्रभातचे संग्रहालय आहे आणि जुने चित्रीकरणाचे दालन अजून वापरात आहे. जवळच्या रस्त्याला प्रभात रोड म्हणतात. मात्र जुन्या नायट्रेट फिल्मला आगीचा धोका मोठा असतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म साठवलेल्या गोदामाला आग लागली आणि मराठी चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळातला अमोल साठा तिच्यात गेला. प्रभातचे जे चित्रपट आज पाहायला मिळतात ते बहुतांशी नंतर काढलेल्या प्रतींमुळे.

‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ यांच्या उपलब्ध प्रतींत तुतारीचे दृश्य आजही आहे. तंबूंच्या काळातली पत्रके, चित्रपटांच्या गाण्यांच्या चोपड्या आणि एखादे विसरलेले रीळही जुन्या टॉकीजवाल्यांच्या घरी अजून निघते. नांदेड-लातूर भागात कोणाकडे असे काही असेल तर ते रद्दीत देऊ नये. फिल्म असेल तर ती उन्हापासून आणि आगीपासून दूर ठेवावी, घरी उलगडून पाहू नये, आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवावे.